पाणी मोजायचा फ्रॉक

*(पिण्याच्या पाण्याची योजना : तपासणी प्रपत्र. उत्तरे दिलेल्या रेघेवर मावतील इतपतच लिहावीत.)*

प्रश्न १. चाचणीचे साधन सुस्थितीत आहे काय?

"अगं, माझं अर्धं कुठे गेलं?"

थेंबेकाका पत्र्याच्या डब्यात बोटं घालून चाचपत होते. डब्यात धाग्याची सहा रिळं असायला हवी होती. हाताला पाचच लागत होती.

"संपलं," काकू म्हणाल्या. त्यांचा पाय शिलाई मशीनवर होता आणि ओठांत दोन टाचण्या.

"संपलं म्हणजे? अर्धं कसं संपेल?"

"धागा आहे तो. शिवायला घेतला की संपतो."

"पण तो शिवायचा नव्हताच मुळी! तो पाण्याचा होता!"

काकूंनी टाचण्या काढून उशीला टोचल्या. म्हणजे आता सविस्तर बोलणं होणार होतं.

"अध्यक्षांच्या नातीचा फ्रॉक होता. छातीवर कोंबडीची सात पिल्लं भरायची होती, पिवळी. साडेसहा झाली आणि धागा संपला. दुकानदार म्हणाला, तो रंग आता येतच नाही. आणि पोरीचा वाढदिवस दुसऱ्या दिवशी. मग काय, सातवं पिल्लू बिनडोक्याचं ठेवू?"

"म्हणून एकशे चाळीस घरांचं पाणी..."

"एका डोक्यापुरता म्हणून घेतला हो. पण दोन पिवळे शेजारी शेजारी आले की लगेच डोळ्यांत खुपतात. मग सातही उसवली आणि पुन्हा भरली. सगळी एकसारखी. सुंदर झालीयत."

काका खुर्चीवर बसले. पिल्लं सुंदर झाली असणार, याबद्दल त्यांना शंका नव्हती. एकोणीस वर्षं रोज सकाळी त्यांनी तो पिवळा पाहिला होता.

काकांचं आडनाव काही थेंबे नव्हतं. टेकडीच्या उतारावरच्या त्या वसाहतीची स्वतःची विहीर होती, वर स्वतःची टाकी होती, आणि टाकीवर क्लोरीनच्या पाण्याचं एक निळं पिंप होतं. पिंपाच्या तोटीतून मिनिटाला चाळीस थेंब टाकीत पडायचे. ते चाळीसच पडतात ना, हे रोज घड्याळ हातात धरून मोजणारा माणूस म्हणजे थेंबेकाका. त्यांच्या परवान्यावर छापलेलं आडनाव आता पोस्टमनलाही आठवत नव्हतं.

पाण्यात क्लोरीन पुरेसा आहे का, हे पाहायची रीतही साधी. काचेच्या नळीत नळाचं पाणी घ्यायचं, त्यात औषधाचे पाच थेंब टाकायचे. पाणी पिवळं होतं. जितकं पिवळं, तितका क्लोरीन. नेमकं किती पिवळं म्हणजे किती, हे ठरवायला सरकारने एक रंगांची चकती दिलेली होती. ती पंपघराच्या खिडकीत ठेवलेली असायची. खिडकीत ऊन यायचं. चारपाच वर्षांत चकतीवरचे सगळे पिवळे एकमेकांना भेटून पांढरे झाले.

नवीन चकतीसाठी काकांनी कार्यालयाला पत्र लिहिलं. उत्तर आलं : जुनी चकती जमा केल्यावरच नवीन मिळेल. काकांनी जुनी पाठवली. ती परत आली, सोबत चिठ्ठी : योजना चकतीविना एक दिवसही राहू नये असा नियम असल्याने, नवीन मिळाल्याशिवाय जुनी जमा करता येणार नाही. अशी काकांची चार पत्रं झाली. 

नशिबाने चकती विटायला लागली तेव्हाच काकूंनी ते ओळखलं होतं. "अहो, ही जातेय बरं का," असं म्हणून त्यांनी आपल्या धाग्यांच्या पेटीतून एकेक रंग लावून पाहिला आणि सहा रिळं काढून दिली. पाव, अर्धं, पाऊण, एक, दीड, दोन. बुडाला शाईने आकडे. खरं तर लागायचं ते अर्धंच. शेवटच्या नळाशी पावापेक्षा जरा कमी असलं तरी कायद्याला चालत होतं, पण काकांच्या घराण्यात काठावर पास व्हायची पद्धत नव्हती. पाणी अर्ध्याशी जुळलं की काका वहीत ०.५ लिहीत. बाकीची पाच रिळं डब्यात नुसती पेन्शन खात पडून होती.

आणि आता कामावर असलेलं एकमेव रीळ अध्यक्षांच्या घरी गेलं होतं. पिल्लांच्या रूपात.

"मग आता मी करू काय?"

"जा की तिकडे," काकू म्हणाल्या आणि टाचण्या परत ओठांत धरल्या. "रंग कुठे पळून गेलाय? दोन वर्षांची पोर आहे. फार लांब जात नाही ती."

प्रश्न २. नमुना कोठे घेतला जातो? (अचूक ठिकाण लिहावे.)

अध्यक्षांच्या घरी, नातीच्या छातीजवळ, डावीकडून चौथ्या पिल्लावर.

प्रश्न ३. नमुन्याच्या ठिकाणी प्रवेश सुलभ आहे काय?

अध्यक्ष म्हणजे वसाहतीच्या पाणी समितीचे अध्यक्ष. त्यांचं घर पाइपलाइनच्या अगदी शेवटी होतं. पाणी आपल्यापर्यंत थकूनभागून येतं, अशी त्यांची सहा वर्षांची तक्रार होती.

"थेंबे? सकाळी सकाळी?"

"नमुना घ्यायचाय, साहेब. आजपासून रोज तुमच्याकडून घ्यावा म्हणतो."

"माझ्याकडून?" अध्यक्षांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "का?"

काकांना खोटं बोलायची सवय नव्हती, त्यामुळे ते जमेल तेवढं खरं बोलले. "शेवटच्या नळाचं पाणी बघावं असा नियमच आहे. आणि... तुमच्याकडे बघायला जास्त सोयीचं आहे."

हे खरं होतं. शेवटच्या नळाचा नियम होताच. काका इतकी वर्षं तो नळ एक दिवसाआड, घाईघाईत बघत.

"सूनबाई, चहा टाक!" अध्यक्ष आत ओरडले. "पाणीखातं आलंय!"

सूनबाईच्या आधी तिची मुलगी आली. तिला घरात ठमी म्हणत, आणि ते नाव तिने कष्टाने कमावलेलं होतं. अंगात पांढरा फ्रॉक आणि छातीवर सात पिवळी पिल्लं. काकांनी नळी भरली, थेंब टाकले, हलवली आणि उकिडवे बसून चौथ्या पिल्लाशेजारी धरली. तंतोतंत जुळलं.

"काका, हे काय करताय?" सूनबाईने दारातून विचारलं.

"उजेड बघतोय. पांढऱ्या कपड्यावर रंग नीट कळतो."

"मग रुमाल देऊ का?"

"नको नको. रुमाल हलतो."

ठमी अजिबात हलत नव्हती. नळीतलं पिवळं पाणी आणि आपलं पिल्लू एकमेकांशेजारी पाहून ती थक्क झाली होती. तिने नळीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "पिपि."

"हो, पिलू," काका म्हणाले आणि वहीत लिहिलं : ०.५.

चारपाच दिवसांत रीत पडून गेली. सकाळी आठ वाजता ठमी पायरीवर येऊन बसे. आणि एक गोष्ट ती कुणालाही करू देईना : तो फ्रॉक सोडून दुसरा घालणं. "रोज रात्री धुते आणि सकाळी तोच," सूनबाई म्हणायची. "दुसरा दाखवला तरी भोकाड पसरते. काय जादू केलीत हो काका?"

काकांना काळजी होती ती उलटी. "धुता ना रोज? बरं. धुवा, धुवा. पण तोच घाला."

प्रश्न ४. क्लोरीनच्या मात्रेत बदल केला असल्यास कारण लिहावे.

दुसऱ्या आठवड्यात एके दिवशी नळीतलं पाणी पिल्लापेक्षा किंचित गडद दिसलं.

काकांनी दोनदा पाहिलं. ठमीला खिडकीपाशी नेऊन पाहिलं. गडदच. म्हणजे क्लोरीन जास्त. काका टाकीवर गेले आणि चाळिसाचे सदतीस थेंब केले.

दोन दिवस जुळलं. मग पुन्हा गडद. सदतिसाचे चौतीस. मग तीस.

काका रात्री जेवताना म्हणाले, "अगं, विहिरीचं पाणी स्वच्छ होत चाललंय."

"विहीर आंघोळ करायला लागली का?"

"चेष्टा नाही. क्लोरीन खर्चच होत नाहीये. पाणी मुळात चांगलं असलं की असं होतं. पुस्तकात आहे."

"पुस्तकात असेल," काकू म्हणाल्या. त्यांना दुसऱ्या दिवशी चौदा उशांचे अभ्रे द्यायचे होते, त्यामुळे पुस्तकाशी भांडायला वेळ नव्हता.

तिसाचे सत्तावीस झाले, मग बावीस. बाविसावर येऊन गोष्ट थांबली. नळी आणि पिल्लू पुन्हा गळ्यात गळे घालून उभे राहिले. काकांना एकदा, अगदी टाकीची शिडी उतरताना, वाटून गेलं की जवळजवळ निम्म्यावर आलो आपण. पण वही उघडली की तिथे ओळीने ०.५ चं सरळ शेत दिसायचं. आणि काकांचा वहीवर विश्वास होता, कारण ती त्यांनी स्वतः लिहिलेली होती.

प्रश्न ५. योजनेविषयी कोणी पत्रव्यवहार केला आहे काय?

हो. अध्यक्षांनी. हौसेने.

समितीच्या बैठकीत काकांनी सहज सांगितलं की क्लोरीन निम्मा लागतोय. अध्यक्ष खुर्चीत पुढे सरकले. दोन दिवसांनी त्यांनी कार्यालयाला पत्र धाडलं. काकांना त्याची प्रत मिळाली ती पत्र गेल्यावर.

*"...आमच्या वसाहतीच्या विहिरीचे पाणी दिवसेंदिवस इतके शुद्ध होत आहे की, निम्म्या क्लोरीनमध्ये पूर्ण निकाल मिळत आहे. सदर नमुने खुद्द माझ्या निवासस्थानी घेण्यात येतात. तरी इतर योजनांना आदर्श म्हणून आमच्या योजनेचा गौरव व्हावा..."*

"साहेब, हे कशाला पाठवलंत?" काकांनी विचारलं.

"अहो, चांगलं काम झालं तर सांगायला नको? तुम्ही पडलात मुखदुर्बळ."

चार पत्रांना चकती न देणाऱ्या कार्यालयाने या पत्राला आठ दिवसांत उत्तर दिलं. गौरवाचा उल्लेख नव्हता. निम्म्या क्लोरीनमध्ये पूर्ण निकाल ही बाब तपासण्याजोगी वाटत असल्याने तपासनीस बुधवारी सकाळी दहा वाजता नमुन्याच्या ठिकाणी, म्हणजे अध्यक्षांच्या घरी, येतील. योजनाचालकाच्या परवान्याची मुदतही याच महिन्यात संपत असल्याने त्याची प्रात्यक्षिक परीक्षा तेव्हाच उरकली जाईल. योजनेत एकही परवानाधारक न राहिल्यास पंपघराला कुलूप लावून वसाहत शहराच्या नळाला जोडली जाईल.

शहराचं पाणी आठवड्यातून तीनदा यायचं, आणि कोणत्या तीनदा हे त्यालाच माहीत असायचं.

काकांनी ते पत्र तीनदा वाचलं. पंपघराची किल्ली त्यांच्या कमरेला एकोणीस वर्षं होती. झोपतानाही ते ती सोडत नसत. "कुलूप लागेल" हे दोन शब्द त्यांना पत्राच्या बाकीच्या मजकुरापेक्षा मोठ्या अक्षरांत छापलेले दिसले.

"व्हाल हो पास," काकू म्हणाल्या. "पिवळं बघायचं तर आहे."

प्रश्न ६. मागील तपासणीनंतर आढळलेले दोष.

बुधवारी सकाळी नऊ वाजता काकू अध्यक्षांच्या घरी गेल्या, ठमीचं झबलं द्यायला. काका आधीच तिथे होते, नवा सदरा घालून. ठमी पायरीवर बसली होती.

काकू पायरीशी थांबल्या. त्यांनी ठमीकडे पाहिलं. मग डोळे बारीक करून पुन्हा पाहिलं.

"हा माझा फ्रॉक आहे?"

"तुमचाच, काकू," सूनबाई म्हणाली. "महिनाभर अंगावरच आहे तिच्या."

"आणि रोज धुतेस?"

"रोज. आणि कडक उन्हात घालते वाळत. काकांनीच सांगितलं होतं, धुवा म्हणून."

काकूंनी ठमीला उचललं, फ्रॉकचा गळा जरासा उलटा केला आणि भरतकामाची आतली बाजू बाहेर काढली. आतून पिल्लं लिंबासारखी पिवळीजर्द होती. बाहेरून ती आजारातून उठल्यासारखी दिसत होती.

"अहो," काकू हळूच म्हणाल्या, "डबा आणलाय का? पाव काढा बघू."

काकांनी पावाचं रीळ काढून दिलं. काकूंनी ते चौथ्या पिल्लाच्या पोटावर ठेवलं. ते दिसेनासं झालं, इतकं जुळलं.

"हे तुमचं पाव. आणि हे तुमचं अर्धं. जुळे भाऊ वाटतायत ना? अहो, तुम्ही महिनाभर पाणी बघत होतात की माझं धुणं?"

काकांना आधी काही कळलंच नाही. मग हळूहळू, टाकी भरावी तसं कळत गेलं. पिल्लू विटत होतं. पिल्लू विटलं की पाणी गडद दिसायचं. पाणी गडद दिसलं की ते थेंब कमी करायचे. विहीर काही शुद्ध होत नव्हती. एकशे चाळीस घरांचं पाणी ते एका फ्रॉकच्या मागे मागे उतरवत आले होते.

"किती वाजले?" त्यांनी विचारलं.

"सव्वानऊ. कुठे निघालात? तपासनीस दहाला येणार!"

"टाकीवर."

नव्या सदऱ्यानिशी काका टेकडी चढले, शिडी चढले आणि बाविसाचे चाळीस थेंब केले. दोनदा मोजले. हे पाणी शेवटच्या नळापर्यंत पोचायला दुपार होणार होती. परीक्षेला त्याचा काडीचा उपयोग नव्हता, हे त्यांना वर चढतानाच माहीत होतं.

खाली आले तेव्हा धापा टाकत होते. अध्यक्षांनी त्यांना कोपऱ्यात घेतलं. सूनबाईने त्यांना सगळं सांगितलं होतं.

"थेंबे, वही तुमच्याकडे आहे ना? रोजचं अर्धं लिहिलंय ना? मग झालं! फ्रॉकबिक काढायचं कारण नाही. वही दाखवा आणि गप्प बसा."

"साहेब, मी रोज जे दिसलं तेच लिहिलंय."

"मग तेच म्हणतोय मी!"

"पण दिसलं चुकीचं. आता तेही लिहायला लागेल."

"आणि माझं पत्र? आदर्श योजना? माझ्या निवासस्थानी नमुने?"

तेवढ्यात फाटक वाजलं.

प्रश्न ७. तपासनीसाचा अभिप्राय.

तपासनीस म्हणजे तिशीतल्या एक शांत बाई होत्या, पाठीवर पिशवी आणि हातात डबीएवढं यंत्र. त्यांनी चहाला नको म्हटलं, पाण्याला हो म्हटलं आणि ते पिण्याआधी त्यातलं थोडं यंत्रात घातलं. यंत्र दोनदा चमकलं.

"शून्य पूर्णांक बावीस," त्या म्हणाल्या. "शून्य पूर्णांक दोन लागतं. पास आहे, पण कसंबसं. वहीत काय आहे, काका?"

"वहीत अर्धं आहे. त्यातले गेले एकवीस दिवस चुकीचे आहेत," काका म्हणाले आणि कुठेही न थांबता त्यांनी सगळं सांगून टाकलं. खिडकीतलं ऊन, चकती, चार पत्रं, सहा रिळं, सात पिल्लं, बावीस थेंब. पुरावा म्हणून ठमीला उभं केलं. ठमीने बाईंच्या यंत्राकडे बोट दाखवून "पिपि?" असं विचारलं.

अध्यक्ष भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होते.

बाईंनी फ्रॉक बाहेरून पाहिला, आतून पाहिला. त्यांचा चेहरा हसू येऊ नये म्हणून फार कष्ट घेत होता.

"एक कळलं नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "बाविसाच्या खाली का नाही गेलात?"

"जुळलं ना. पुढे रंग गडद दिसेना."

"म्हणजे धुण्याच्या पाण्यातला क्लोरीन कमी झाला तसा फ्रॉक विटायचा थांबला. आणि फ्रॉक थांबला म्हणून तुम्ही थांबलात." त्यांनी ठमीच्या डोक्यावर हात ठेवला. "या मुलीनं गाव वाचवलं म्हणायचं. नाहीतर शून्यावर गेला असतात तुम्ही."

"हो, बाई."

"सूचना लावावी लागेल फळ्यावर. कारणासकट. आणि आता परीक्षा."

त्यांनी पिशवीतून पाच नळ्या काढल्या. झाकणांवर आकडे होते आणि आकड्यांवर चिकटपट्टी. नियम असा होता की योजनेच्या स्वतःच्या साधनाने पाचापैकी चार ओळखायच्या. काकांनी चकती काढली. पाची नळ्या चकतीशी सारख्याच जुळल्या. मग रिळांचा डबा काढला. एकची ओळखली, दोनची ओळखली, पावाची ओळखली. उरलेल्या दोन त्यांनी उजेडात धरल्या, नाकाशी धरल्या, पिल्लाशी धरायला गेले आणि हात मागे घेतला.

"ही... अर्धं असेल. नाही, पाऊण. आणि ही... हीपण एकच."

"तीन बरोबर," बाई म्हणाल्या. आवाजात खरंच वाईट वाटलेलं होतं. "फेरपरीक्षा वर्षानं, काका."

काकांचा हात आपोआप कमरेच्या किल्लीवर गेला.

"त्या दोनातली पहिली बरोबर अर्धं होती," काकू पायरीवरून म्हणाल्या. त्या झबल्याची गुंडी लावत होत्या, मान खालीच. "त्यांनी आधी अर्धंच म्हटलं होतं. मग घाबरले."

"तुम्हाला कशावरून कळलं, काकू?"

"रंगावरून."

"रीळ न लावता?"

"रीळ कशाला? पंचवीस वर्षं शिवतेय मी. गिऱ्हाईक एक धागा आणून देतं आणि म्हणतं, याच्याशी जुळवा. नाही जुळलं तर ब्लाउज तोंडावर फेकतं."

बाईंनी पाची नळ्यांची जागा पाठीमागे अदलाबदल केली आणि एकेक पुढे धरली. काकू गुंडी लावता लावता सांगत गेल्या. पाव. दोन. अर्धं. एक. पाचवीपाशी त्या थांबल्या.

"ही काय लिहिलीय तुम्ही?"

"ते सांगायचं नसतं, काकू."

"नका सांगू. पण दीड लिहिली असेल तर ती दीड नाही. सव्वा आहे. जुनी झालीय. विटलीय ती."

बाईंनी चिकटपट्टी काढली. झाकणावर दीड होतं. त्यांनी नळीतलं थोडं पाणी यंत्रात घातलं. यंत्र चमकलं, थोडं थांबलं, पुन्हा चमकलं.

"एक पूर्णांक चोवीस," बाई पुटपुटल्या. मग त्यांनी नळीकडे फार वेळ पाहिलं. "मी ही नळी घेऊन या वर्षी एकवीस योजना नापास केल्यात."

काकू पुढच्या गुंडीकडे वळल्या.

"म्हणजे थेंबे पास?" अध्यक्षांनी कॅलेंडर सोडलं.

"ती नळी काकांसाठी धरायचीच नाही म्हटलं, तरी चारांपैकी तीन. चार लागतात." बाईंनी पिशवीतून कोरा अर्ज काढला. "परीक्षेला बसायची अट इतकीच आहे, की उमेदवार योजनेचं पाणी पिणारा असावा आणि लिहिता-वाचता यावं. काकू, तुमचं संपूर्ण नाव सांगा."

"माझं?" काकूंच्या हातातून गुंडी सुटली. "मला शुक्रवारी बारा पडदे द्यायचेत!"

"पडदे द्या. सकाळी पाच मिनिटांचं काम आहे. नाहीतर मला कुलूप लावावं लागेल."

काकूंनी काकांकडे पाहिलं. काकांनी कमरेची किल्ली सोडली. ती सुटायला वेळ लागला, कारण एकोणीस वर्षांत त्यांनी ती गाठ कधी सोडलीच नव्हती. मग त्यांनी ती काकूंच्या हातात दिली आणि म्हणाले, "सांग की नाव. बाई थांबल्यात."

प्रश्न ८. जनतेस सूचना दिली काय? (प्रत जोडावी.)

*"सर्व रहिवाशांना कळविण्यात येते की, गेले एकवीस दिवस पाण्यातील क्लोरीन नोंदवहीतील आकड्यापेक्षा कमी होता. मात्र तो किमान मर्यादेच्या खाली गेल्याचे आढळले नाही. कारण : मोजमापाचे साधन (फ्रॉक) वारंवार धुतल्याने विटले. साधन बदलण्यात आले आहे. अध्यक्ष, पाणी समिती."*

कंसातला शब्द काढावा म्हणून अध्यक्ष कार्यालयात दोनदा जाऊन आले. बाई म्हणाल्या, कारण खरं आणि पूर्ण लिहायचं असतं.

प्रश्न ९. सध्याचे मनुष्यबळ.

परवानाधारक : एक. मदतनीस : एक.

नव्या परवान्यासोबत सेवाशर्तींचा कागद आला. काकूंनी तो पडद्यांना अस्तर लावता लावता वाचला आणि मशीनच्या खणात ठेवला. काकांना वाटलं, विसरली. काम पूर्वीसारखंच चाललं होतं. थेंब काकाच मोजत, पिंप काकाच भरत, नमुना काकाच आणत. काकू फक्त मशीन थांबवून नळीकडे पाहत आणि आकडा सांगत. त्यालाही रीळ लागत नव्हतं. काका वहीत लिहीत आणि काकू सही करत. सहीला त्या जरा जास्तच वेळ घेतात असं काकांना वाटे.

मग महिन्याभराने काकांना दोन दिवस बहिणीकडे जाऊन यावंसं वाटलं.

"जाऊ का गं शनिवारी?"

"अर्ज द्या," काकू म्हणाल्या.

"काय?"

"शर्त अकरा. मदतनिसाने रजेसाठी परवानाधारकाकडे लेखी अर्ज करावा. मी नाही केलेला नियम."

काका हसले. काकू हसल्या नाहीत. तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे नक्की सांगता येत नव्हतं. काकांनी आधी विषय सोडून दिला. मग संध्याकाळी वहीचं एक मागचं पान फाडलं, चष्मा लावला आणि कार्यालयाला पत्रं लिहिली होती तशाच वळणदार अक्षरात लिहिलं :

*"माननीय परवानाधारक यांसी, विनंती अर्ज. मला घरगुती कारणास्तव शनिवार व रविवार अशी दोन दिवसांची रजा मिळावी, ही नम्र विनंती. आपला विश्वासू, मदतनीस."*

काकूंनी मशीन थांबवलं. टाचण्या काढून उशीला टोचल्या. अर्ज वाचला, उलटा करून मागची बाजू पाहिली, पुन्हा वाचला.

"घरगुती कारण काय आहे?"

"अगं, असंच लिहितात. पद्धत आहे."

"असू दे. पण घर माझंच आहे ना? सकाळपासून मी घरातच बसलेय." काकूंनी कागद परत त्यांच्या हातात दिला आणि पाय मशीनवर ठेवला. "घरात तर काहीच झालेलं नाही. खरं आणि पूर्ण कारण लिहून आणा."